अंतरवालीची लाठी आणि तिच्या मागचा-पुढचा हिशेब

'पोलिसांनी सौम्य लाठीमार केला' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना इतके सरावाचे झाले आहे की लाठीमार ही कायद्याने ठरवून दिलेल्या पायऱ्यांची एक कृती आहे आणि त्यांपैकी एखादी पायरी गाळली तर तिचे स्वरूपच बदलते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आंदोलकांवर बळ वापरले की आंदोलन मोडते, असा प्रशासनातला एक जुना समज आहे. मार खाल्ला की आंदोलन वाढते, असा त्याच्या नेमका उलट समज कार्यकर्त्यांमध्ये आढळतो. महाराष्ट्राच्या गेल्या सात दशकांच्या अनुभवावर हे दोन्ही समज पुरते उतरत नाहीत. लाठीने काय घडेल हे तिच्या जोरावर फारसे अवलंबून नसते. तो मार किती लोकांनी पाहिला, मार खाणाऱ्याचे राजकारणात वजन किती आणि मार खाल्ल्यानंतर त्याने काय केले, यांवर ते ठरते. याचा अलीकडचा सर्वांत ठळक दाखला जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी या गावाने दिला. हे गाव महसुली दृष्ट्या अंबड तालुक्यातले असले तरी विधानसभेसाठी ते घनसावंगी मतदारसंघात मोडते, आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

या गावात मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी आमरण उपोषण सुरू केले. मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी म्हणून प्रमाणपत्रे द्यावीत, ही त्यांची मुख्य मागणी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथल्या जुन्या महसुली व शालेय नोंदी वेगळ्या पद्धतीच्या आणि बऱ्याचदा मोडी किंवा उर्दूत आहेत. विदर्भात कुणबी म्हणून ज्या नोंदी सहज सापडतात त्या येथे सापडत नाहीत, आणि कुणबी ही जात इतर मागास वर्गात असल्याने त्या नोंदीवर शिक्षण व नोकरीतले आरक्षण अवलंबून राहते. मागणीची पार्श्वभूमी दीर्घ होती. २०१६ मध्ये लाखोंचे मूक मोर्चे निघाले, २०१८ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा झाला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यात २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि मराठवाड्यात सोयाबीन व कापूस डोळ्यांदेखत माना टाकत होते. उपोषणाच्या मंडपात आलेल्या माणसांच्या मनात आरक्षणाबरोबर हेही सारे होते.

उपोषणाच्या चौथ्या दिवशी, शुक्रवार १ सप्टेंबरच्या संध्याकाळी, तेथे लाठीमार झाला. अश्रुधुराची नळकांडी फोडण्यात आली, आणि छर्रे लागल्याचा आरोपही आंदोलकांनी केला. जरांगे यांची प्रकृती खालावल्याने त्यांना रुग्णालयात हलवण्याचा प्रयत्न होता, त्याला विरोध झाला आणि जमावाने दगडफेक केल्यानंतर बळ वापरावे लागले, अशी पोलिसांची बाजू होती. लाठी आधी चालली आणि दगड नंतर आले, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. दोन्हीकडचे अनेक जण जखमी झाले, आणि जखमी पोलिसांची संख्याही थोडी नव्हती हे नोंदवणे न्यायाचे आहे. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस महामार्गांवर एसटी बस जाळल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांत बंद पाळला गेला.

ठिणगीचे स्वरूप नीट समजण्यासाठी उपोषणाच्या मंडपातली एक नित्याची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आमरण उपोषण सुरू झाले की शासनाचे वैद्यकीय पथक रोज येऊन रक्तदाब, नाडी आणि रक्तातील साखर तपासते व अहवाल वर पाठवते. तो अहवाल वाईट आला की माणसाचा जीव वाचवण्याची कायदेशीर जबाबदारी प्रशासनावर येऊन पडते आणि रुग्णवाहिका गावाच्या वेशीवर उभी राहते. प्रशासनाच्या दृष्टीने हा उपचाराचा प्रश्न असतो. मंडपात बसलेल्यांसाठी मात्र 'उचलणे' या एकाच शब्दात तो सामावलेला असतो: नेता उचलला की आंदोलन संपले. म्हणून रुग्णवाहिकेच्या मागे पोलिसांच्या गाड्यांची रांग दिसली की बायका उपोषणकर्त्याभोवती कडे करून बसतात, मुले आडवी होतात, आणि डॉक्टर व पोलीस यांच्यातला फरक कोणाच्या डोळ्यांना दिसेनासा होतो. अशा क्षणी कोणता अधिकारी पुढे येऊन काय बोलतो, यावर पुढचे सारे ठरते. महाराष्ट्रात उपोषणांची परंपरा एवढी मोठी असताना या एका क्षणासाठी स्वतंत्र, सर्वांना आधी सांगितलेली पद्धत असू नये, ही प्रशासनाची गंभीर उणीव मानली पाहिजे.

कायद्याची चौकट मात्र उपलब्ध आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला दिली आहे. पाच किंवा अधिक माणसे विशिष्ट बेकायदा हेतूने जमली तर तो 'बेकायदेशीर जमाव' ठरतो. असा जमाव, किंवा शांतताभंगाची शक्यता असलेला पाच वा अधिक जणांचा जमाव, पांगवण्याची आज्ञा कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार वा उपविभागीय अधिकारी यांच्यासारखा महसुली अधिकारी, किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी, आणि त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. तिचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी आज्ञा, मग पांगण्यासाठी वेळ आणि वाट, आणि त्यानंतरही जमाव हटला नाही तरच बळ, तेही पांगवण्यापुरते. ध्वनिक्षेपकावरून दिलेला इशारा शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, लाठी कमरेखाली मारावी, पळणाऱ्याचा पाठलाग करू नये, हे पोलिसांना प्रशिक्षणातच शिकवले जाते. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि पांगलेल्या माणसाच्या पाठीवर पडलेली लाठी ही शिक्षाच असते.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक किमान दोनदा स्पष्ट केला आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर ४ जून २०११ च्या मध्यरात्री झोपलेल्या आंदोलकांवर कारवाई झाली. त्यात जखमी झालेल्या एका महिलेचा पुढे मृत्यू झाला. २०१२ च्या निकालात न्यायालयाने झोपलेल्या जमावावर बळ वापरण्याचे समर्थन नाकारले, भरपाई द्यायला लावली आणि आयोजकांच्या वागण्यातील दोषही दाखवले. २०१६ मध्ये अनिता ठाकूर प्रकरणात न्यायालयाने म्हटले की आंदोलकांनी दगडफेक केली असली तरी परिस्थिती आटोक्यात आल्यानंतर चालू राहिलेला मार हा हक्काचा भंग आहे. दगड आधी की लाठी आधी, हा अंतरवालीत महिनोन्महिने गाजलेला वाद म्हणूनच पुरेसा नाही. पहिला दगड कोणाचा होता हे कळल्यावरही शेवटची लाठी का पडली, हा प्रश्न उरतोच.

१ सप्टेंबरनंतर जे घडले ते महाराष्ट्राच्या इतिहासात वेगाच्या दृष्टीने अपूर्व म्हणावे लागेल. दुसऱ्याच दिवशी शरद पवार आणि उद्धव ठाकरे गावात पोचले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. ४ सप्टेंबर रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. ७ सप्टेंबरला निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रे देण्याचा शासन निर्णय निघाला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कामाला लागली. १४ सप्टेंबरला, उपोषणाच्या सतराव्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी स्वतः गावात येऊन जरांगे यांना फळांचा रस दिला. ठीक एक महिन्याने, १४ ऑक्टोबरला, त्याच गावाच्या शिवारात विराट सभा झाली. एका गावाचे उपोषण दीड महिन्यात राज्याच्या राजकारणाचा मध्यबिंदू झाले होते.

हे का घडले, याचे उत्तर जमावाच्या मानसशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे. स्टीव्ह रायशर आणि क्लिफर्ड स्टॉट या ब्रिटिश अभ्यासकांनी अनेक मोर्चे, दंगली आणि फुटबॉलच्या सामन्यांतील गर्दी यांचे निरीक्षण करून मांडले की जमाव हा मुळात एकजिनसी नसतो. त्यात कट्टर कार्यकर्ते थोडे असतात. बाकी कुतूहलाने आलेले, शेजाऱ्याबरोबर आलेले, नेत्याच्या काही मागण्या न पटणारे असे कितीतरी असतात. पोलिसांनी या सर्वांना एकच समजून एकसारखा मार दिला की त्या क्षणापर्यंत वेगवेगळी असलेली माणसे 'आपण' या एका शब्दाखाली येतात, आणि जो सर्वांत कडक बोलत होता त्याचेच म्हणणे खरे होते अशी त्यांची खात्री पटते. अंतरवालीच्या मंडपात नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या बाया होत्या, टाळकरी होते. मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींत फुटलेली डोकी आणि रक्ताने माखलेले पांढरे सदरे दिसले, तेव्हा लातूर-सोलापूरच्या माणसाला त्यात आरक्षणाच्या कायद्याची गुंतागुंत दिसली नाही. आपल्या घरातली आजी दिसली. २०१६ च्या मूक मोर्च्यांनी शिस्तीची जी पुण्याई समाजाच्या खात्यावर जमा केली होती तीही या वेळी उपयोगी पडली, कारण 'हे लोक मुळात शांत आहेत' हे राज्याला आधीच माहीत होते.

तरीही लाठीमुळेच आंदोलन उभे राहिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वाळलेली गंज आधीच रचलेली होती. लाठीने तिला एक गाव दिले, एक तारीख दिली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक चेहरा दिला. नेत्यांच्या गर्दीत विखुरलेल्या आणि अनेक वर्षे सामूहिक नेतृत्वावर चाललेल्या या चळवळीला एकच सर्वमान्य नेता मिळाला, आणि ही निवड कोणत्याही बैठकीत झाली नव्हती. आंदोलनाचे नेतृत्व कोणाकडे जाईल हे अनेकदा पोलीस नकळत ठरवून जातात, ही गोष्ट बळ वापरण्याचा आदेश देणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हे पूर्वीही घडले आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १५ माणसे गेली. जानेवारी १९५६ मध्ये त्याहून मोठा संहार झाला. मोरारजी देसाई यांच्या सरकारला ज्या मागणीचा बीमोड करायचा होता, तिलाच या गोळीबारांनी घराघरांत नेले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि १०६ हुतात्म्यांचा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून रुजले. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एका महिलेसह तिघे मृत्युमुखी पडले. ती जलवाहिनी पुढे दशकाहून अधिक काळ जागच्या जागी अडकून राहिली.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि ती बोलायला जड जाते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरे राखणारा हा गरीब समाज अनुसूचित जमातीत समावेश मागत होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. एका मंत्र्याने राजीनामा दिला, आयोग नेमला गेला, स्मारक झाले, उड्डाणपुलाला शहीद गोवारींचे नाव मिळाले. मागणी मात्र तिथेच राहिली: २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निकाल डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या दलित वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहा जण ठार झाले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी.

अंतरवालीत एकही जीव गेला नव्हता आणि क्षमा तीन दिवसांत आली. ती यायलाच हवी होती, याबद्दल दुमत नाही. पण तीन दिवस आणि बारा वर्षे यांमधले अंतर ज्या मोजपट्टीने पडते, ती मतदारसंघांची आहे. मराठवाड्यातील बहुतेक मतदारसंघांत ज्या समाजाच्या मतांवाचून कोणी निवडून येत नाही, त्याच्या पाठीवरचे वळ सरकारला लगेच दिसतात. ज्यांची मते विखुरलेली आहेत त्यांच्या चिताही दिसत नाहीत. आंदोलकांवरील बळाचा परिणाम या विषयावर लिहिताना 'दडपशाही उलटते' असा नियम सांगितला जातो, तेव्हा ती कोणासाठी उलटते हे सांगितल्याशिवाय तो नियम अपुरा आणि गोवारींवर अन्याय करणारा ठरतो.

मार खाल्ल्यानंतर आंदोलक काय करतात, हा तिसरा घटकही तितकाच निर्णायक आहे. अमेरिकेतील १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीचा अभ्यास करून ओमार वॅसो यांनी २०२० मध्ये दाखवले की आंदोलक शांत असताना पोलिसांनी केलेल्या हिंसेमुळे जनमत आंदोलनाकडे झुकले, आणि आंदोलकांनी जाळपोळ केली तेव्हा तेच जनमत 'कायदा व सुव्यवस्था' मागणाऱ्यांकडे गेले. जरांगे यांनी शांततेचे आवाहन वारंवार केले. तरी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात आमदारांची घरे पेटवली गेली, आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी तीर्थपुरी येथे एसटी बस जाळण्यात आली. अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जिल्ह्यातली एसटी सेवा थांबवली गेली, आणि त्याचा फटका बसला तो दवाखान्यात निघालेल्या आणि बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत शहर गाठू पाहणाऱ्या गावकऱ्यांनाच. दुसऱ्याच दिवशी विधानसभेत आंदोलनाच्या विशेष तपास पथकामार्फत चौकशीचे निर्देश दिले गेले. सुमारे सहा महिन्यांपूर्वी क्षमा मागणारे सरकार आता चौकशी लावू शकत होते, कारण मधल्या काळात जाळपोळीची छायाचित्रे लाठीमाराच्या छायाचित्रांच्या शेजारी येऊन बसली होती. दरम्यान १७ नोव्हेंबर २०२३ ला अंबडमध्ये ओबीसींची मोठी सभा झाली आणि जून २०२४ मध्ये अंतरवालीच्या शेजारच्या वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. ज्या गावांचा बाजार एक आणि यात्रा एक, तेथे दोन समाज एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

राज्यानेही या अनुभवातून काही धडा घेतलेला दिसतो. २९ ऑगस्ट २०२५ रोजी, पहिल्या उपोषणाला बरोबर दोन वर्षे झाल्यावर, जरांगे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले. दक्षिण मुंबईतील रस्ते आंदोलकांनी भरून गेले, उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याचे कडक आदेश दिले, आणि तरीही प्रश्न लाठीशिवाय सुटला. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटच्या नोंदींबाबतचा शासन निर्णय निघाला. त्या निर्णयाच्या गुणदोषांवर मतभेद आहेत आणि राहतील, परंतु इतक्या मोठ्या जमावासमोर पोलिसांनी राखलेला संयम अंतरवालीत का शक्य झाला नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावातून २०२२ मध्ये चोरीस गेलेल्या मूर्ती जालना पोलिसांनीच शोधून परत आणल्या होत्या, तेव्हा याच भागात खाकीचे केवढे कौतुक झाले होते. एका संध्याकाळच्या लाठीने एवढा जिव्हाळा पुसला गेला.

त्या संध्याकाळचा एक अवशेष मात्र क्षमेनेही पुसला गेला नाही, तो म्हणजे गुन्हे. आंदोलकांवर दाखल झालेले गुन्हे मागे घ्यावेत, ही मागणी सप्टेंबर २०२३ मध्ये होती, मुंबईकडे निघालेला जरांगे यांचा मोर्चा वाशीला थांबला तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये होती आणि आझाद मैदानावरही ती यादीत होती. गुन्हा मागे घेणे म्हणजे सरकारी वकिलाने न्यायालयाची परवानगी घेऊन खटला सोडणे, आणि ते प्रत्येक प्रकरणात वेगळे करावे लागते. अंबड-घनसावंगीच्या गावांतून जाणाऱ्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पाच वाजता पोरे सोळाशे मीटरचा सराव करताना दिसतात, शेताच्या बांधावर गोळाफेकीची आखणी केलेली असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला पोलीस भरती हीच हाताशी आलेली सरकारी नोकरी वाटते. भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा अर्ज येतो आणि त्यात एक रकाना असतो: आपणावर कोणताही गुन्हा दाखल आहे काय.